ब्लॅडरवरची ओळ

सुपेल्याच्या चौकात फुटबॉल शिवणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. माझ्या मुलीचा बॉल हवा धरत नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे गेले. त्याने आरीने टाके उसवले, आतलं ब्लॅडर ओढून काढलं आणि पंक्चर जोडलं. मग चष्मा पुसला आणि ब्लॅडरवर बॉलपेनने बारीक अक्षरात लिहिलं, ‘भारत, सतरा वर्षांखालच्या पोरी’. खाली परवाच्या परदेशातल्या मॅचचा स्कोअर. आपण सपाटून हरलो होतो.

"जो बॉल उघडतो, त्यात आखरी मॅच लिहितो," तो म्हणाला.

मला रागच आला. "माझ्या पोरीच्या बॉलमध्ये हार कावून लिहिता, काका? एखादी जुनी जीत लिहा न."

"जीत तं पेपरवाले लिहितेच, ताई." तो ब्लॅडर आत सरकवत होता. "पोरी हरून राहिल्या होत्या, तरी शेवटच्या शिट्टीपर्यंत धावल्या. मी टीव्हीवर पाह्यलं. ते कोन लिहीन?"

पुढच्या वर्षी तोच बॉल पुन्हा बसला. त्याच आठवड्यात आपल्या मुली परदेशात जिंकल्या होत्या, त्यामुळे मी जरा मिरवतच गेले. ब्लॅडर बाहेर आलं. जुनी ओळ पुसट झाली होती, पण वाचता येत होती. तिच्याखाली त्याने नवा स्कोअर लिहिला, तेवढ्याच बारीक अक्षरात.

"काका, आता तरी मोठं लिहा!"

त्याने सुईत दोरा ओवला.

"मोठं कावून? धावल्या तं तेवढ्याच."