अठरा टेबलं, एक ड्रॉइंग

“आदी काम सांग, मशीन मंग.”

हे वाक्य मावशी मान वर न करता बोलायची. हातात दाढीचा जुना ब्रश, पुढ्यात कुणाचा तरी उघडा पडलेला कॉम्प्युटर, आणि पंख्याच्या पात्यांमधली धूळ झाडणं चालू. बोईसरच्या बाजारात, आतल्या गल्लीत तिचं रिपेअरिंगचं दुकान होतं. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, “मावशी, एक चांगला कॉम्प्युटर पाहिजे.” मावशी म्हणायची, “चांगला म्हंजे कसा? देवळात ठेवणार हायस काय?” मग आपल्याला नेमकं करायचं काय आहे, याचा गिऱ्हाईक पहिल्यांदाच विचार करायचं.

विकण्याआधी भांडणारा असा एखादा दुकानदार तुम्हीही पाहिला असेल. आपण वैतागतो, पण पुन्हा त्याच्याकडेच जातो.

कारखान्यांत नव्याने आलेले कामगार बिघडलेला लॅपटॉप घेऊन दारातून डोकावायचे आणि विचारायचे, “भैया किधर है?” समोर पदर कमरेला खोचलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेली पन्नाशीची बाई. ती म्हणायची, “भैया नहीं है. मैं हूँ. बोलो.” ते बिचारे आणखी दोन मिनिटं भैयाची वाट बघायचे. मावशी त्यांना बसायला स्टूल द्यायची आणि तेवढ्यात लॅपटॉप उघडलेला असायचा.

ती शिरगावची. घर मासेमारीचं, आई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. मावशी मात्र एकोणिसाव्या वर्षी तारापूरला एका असेंब्लीच्या कारखान्यात लागली आणि वीस वर्षं सर्किटला सोल्डरिंगचे डाग देत बसली. तो कारखाना बंद पडल्यावर तिने हे दुकान टाकलं. कॉम्प्युटरचं झाकण उघडलं की ती आधी आत नाक घालून वास घ्यायची. “ताजं म्हावरं आनि जळका कपॅसिटर, दोन्ही नाकालाच कळतात,” असं ती म्हणे. मला आधी हसू यायचं, पण तिचं निदान सहसा चुकत नसे.

आता माझं सांगते. कुंभवलीत राहून मी बावीस वर्षं एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात काम केलं. आमच्या विभागात अठरा टेबलं होती. एक दिवस साहेबांनी बोलावून सांगितलं की हे काम आता बाहेरून करून घेणार, विभाग बंद. अठराच्या अठरा जणांना निरोपाचा एकेक पेढा मिळाला.

मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. ओळखीच्या एका इंजिनियरने एक संधी दिली. नव्या शेडच्या पाइपांचं एक मोठं ड्रॉइंग पंधरा दिवसांत करून द्या, वेळेत आणि बिनचूक झालं तर पुढचं सगळं काम तुम्हालाच, असं तो म्हणाला. नाही झालं तर माझ्यासाठी झेरॉक्सच्या दुकानातली एक खुर्ची भावाने बघून ठेवली होती. भाऊ मायेनेच करत होता, पण त्या खुर्चीचं नाव काढलं की मी विषय बदलायचे.

मी मावशीला न विचारता एकटीच कॉम्प्युटर घ्यायला गेले, हीच चूक. भंगारवाल्याने मला एक भला मोठा डबा दाखवला. एका कंपनीच्या सर्व्हरमधून काढलेला प्रोसेसर त्यात बसवला होता. “अठरा कोअर हैं, मॅडम,” तो म्हणाला. त्याच पैशांत नवा साधा डेस्कटॉपचा प्रोसेसर मिळत होता, पण त्याला कोअर चारच. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला काम करणारा एकेक जण, एवढं मला माहीत होतं. अठरा आकडा ऐकला आणि मला आमचा विभागच दिसला. मी तो डबा रिक्षात घालून घरी आणला.

घरी आल्यावर रडगाणं सुरू झालं. छोटी ड्रॉइंगं ठीक चालायची, पण हे मोठं ड्रॉइंग उघडलं की पडदा अडकायचा. एक पाइप सरकवला की तो जागचा हलायला वेळ घ्यायचा, तोवर मी दुसरीकडे क्लिक केलेलं असायचं, आणि भलतंच काहीतरी पुसलं जायचं. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी मी डबा मावशीकडे नेला आणि साळसूदपणे म्हणाले, “आतली धूळ काढून दे.”

मावशीने झाकण उघडलं, वास घेतला. “धूळ नाय यात. काम सांग.”

“ड्रॉइंग. पाइपांचं.”

“एका टायमाला किती?”

“एकच. पण मोठं आहे.”

“मंग अठरा कशाला घेतलेस?”

मी तिला आमच्या विभागाची गोष्ट सांगितली. अठरा टेबलं, अठरा माणसं, केवढं काम उरकायचं. मावशीने ब्रश खाली ठेवला. “अठरा टेबलं हाय, पन ड्रॉइंग एकच हाय ना, बाय? मंग एक जण काढंल आनि सतरा जण चा पितील. नव्यात चारच हायेत, पन एकेक जण चपळ. तुला त्योच बरा.”

मला राग आला. मी म्हणाले, एवढा मोठा प्रोसेसर, कंपनीत वापरलेला, आणि तू म्हणतेस चार कोअरचा बरा? मावशी वाद घालत नसे. ज्याला पटायचं नाही त्याच्यासाठी तिच्याकडे फुलाफुलांची एक चादर होती. तिने टेबलाखाली माझा डबा आणि दुकानातला चार कोअरचा नवा छोटा डबा शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड एकाच जातीचं घातलं, नाहीतर तुलना खोटी होईल म्हणाली. वरून चादर सोडली. पडदा एकच, आणि वायर कुठल्या डब्याला लावली आहे ते फक्त तिलाच ठाऊक.

“कर तुजं काम. बरं वाटलं तर फुली, नाय तर गोळा.”

मी माझंच ड्रॉइंग उघडून काम करत होते आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे फुल्या-गोळे मांडत होते. ती दर थोड्या वेळाने खाली वाकून वायर बदलायची, कधी नुसतंच बदलल्याचं सोंग करायची. दहा वेळा झालं. मग तिने चादर उचलली आणि तिच्या वहीतल्या खुणा माझ्या खुणांशी लावून दाखवल्या. फुल्या सगळ्या छोट्या डब्याच्या होत्या. बावीस वर्षं हे काम करून मला माझंच काम नीट सांगता आलं नव्हतं, याची मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

“रडू नको,” मावशी म्हणाली. “जुना वाईट नाय. जाळं वडायला धा जण लागतात. गळाला एकच हात लागतो, पन त्यो झटपट पायजे. तुजं काम गळाचं हाय.”

तिने तो मोठा डबा स्वतःकडे ठेवून घेतला आणि छोटा मला दिला. मी म्हणाले, हा मोठा कोण घेणार तुझ्याकडून? “त्याचं काम आलं की बगू,” म्हणून ती पुन्हा पंखा झाडायला लागली.

ड्रॉइंग एक दिवस आधी पूर्ण झालं. इंजिनियरने दोन ठिकाणी पेन्सिल फिरवली आणि पुढच्या कामाचे कागद माझ्या हातात दिले. झेरॉक्सच्या दुकानातली खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

त्यानंतर पाचेक वर्षांनी मावशीची नजर गेली. साखरेने डोळे खाल्ले. आधी बारीक स्क्रू हातातून सुटायला लागले, मग पाटीवरची अक्षरं पुसट झाली. एक दिवस शटर बंद झालं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मावशी शिरगावला परत गेली, जाताना हत्यारांची पेटी आणि तो मोठा डबा घेऊन गेली. म्हातारपणी माणसं काहीबाही सांभाळतात, असं मला वाटलं.

मागच्या वर्षी त्याच इंजिनियरने एक काम आणलं. एका जुन्या कारखान्याची ट्रेसिंग कागदावरची शेकडो ड्रॉइंगं, सगळी कॉम्प्युटरवर नव्याने काढायची. एकेक कागद लहान, पण ढीग एवढा की मी एकटी वर्षभर मान मोडून बसले तरी संपला नसता. नाही म्हणायचं मी ठरवलं होतं. त्याआधी मावशीला भेटून यावं म्हणून शिरगावला गेले आणि बोलता बोलता हे सांगितलं.

ती उठली, भिंतीला हात लावत मला पडवीत घेऊन गेली. तिथे तो डबा चालू होता. त्याला भंगारातून जमवलेले सहा पडदे आणि सहा कीबोर्ड जोडलेले, आणि समोर गावातल्या सहा बायका-मुली बसलेल्या. मावशी त्यांना कॉम्प्युटर चालवायला तोंडी शिकवत होती. वायरी तिने हाताने चाचपून लावल्या होत्या. “लहान लहान कागद, लय सारे,” ती म्हणाली. “मंग नाय कशाला म्हनतेस? ह्याच्यात सहा जणी एकदम बसतात. हेच त्याचं काम.”

त्यांना रेषा, मापं, पाइप शिकवायला मला दोन महिने लागले. त्यातली एक पहाटे मासळी विकून, आंघोळ करून यायची आणि सगळ्यांत सरळ रेषा तिचीच असायची. ढीग संपला. मग दुसऱ्या कारखान्याचा आला. माझा विभाग कुणीतरी एका सहीने बंद केला होता. तो असा समुद्राकाठी एका पडवीत पुन्हा उघडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. तिकडे जाताना अजूनही मला नोकरीच्या पहिल्या दिवसासारखी धाकधूक होते, आणि फार आनंद होतो.

मावशीला आता उजेड-अंधार तेवढा कळतो. ती पडद्यांकडे पाठ करून उंबऱ्यात बसते. सगळ्या जणी कामाला लागल्या की त्या जुन्या डब्याचा पंखा मोठ्याने घुमतो. परवा मी कुणाची तरी मापं तपासत होते, तेव्हा तिने हात वर केला.

“पाचच हायेत. कोन नाय आली?”

मी मोजल्या. खरंच पाच होत्या. सहावी अंगणात पोराला भरवत होती. मी तिला हाक मारली, ती हात पुसत आली, बसली, आणि तिने आपला कागद उघडला. पंख्याचा आवाज थोडा चढला.

“आता भरलं,” मावशी म्हणाली, आणि पाय पसरून भिंतीला टेकली.