मुकुंद मास्तरचं कृष्णद्रव्य

मुकुंद आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा, मी भूगोल. धडा कुठलाही असो, त्याची गाडी शेवटी कृष्णद्रव्यावर यायची.

"गोफनीतला दगड दोरीशिवाय फिरन का? नाही न? दीर्घिकेच्या कडेचे तारे इतक्या जोरात फिरून राहिले, की नुसत्या दिसनाऱ्या ताऱ्यांच्या ओढीनं ते धरून राहनारच नाहीत. उडून जायला पाह्यजे होते. मंग दोरी कोनती? जे दिसत नाही, पन ओढते, ते!"

पोरं हसायची. हेडमास्तर केशवराव म्हणायचे, "मास्तर, दिसते ते तर शिकवा आधी."

एक्याऐंशी साली दक्षिणेतल्या एका वेधशाळेनं त्याला मुलाखतीला बोलावलं. दीर्घिकांच्या वेगाची मोजणी करायला मदतनीस हवा होता. मुकुंदाचे पाय जमिनीवर ठरेनात. आयुष्यात त्याला दुसरं काही नकोच होतं.

मुलाखतीच्या आधी पोळा आला. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, दोन काठांवरची दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात. मुकुंद दरसाल त्याला मूर्खपणा म्हणायचा आणि दरसाल काठावर हजर असायचा. घरी बसलं तर गाव तोंडात शेण घालतं. त्या साली एक दगड त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला.

गोटमारीच्या जखमेला देवीच्या होमाची राख लावायची, ही इथली रीत. डॉक्टरकडे धावणं म्हणजे देवीवर अविश्वास. त्याच्या आईनं, चंद्रकलाबाईंनी, राख लावून पट्टी बांधली. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता नागपूरला चल.

"आई रडून राहिली रे," तो म्हणाला. "राहू दे दोन दिवस."

विज्ञानाचा मास्तर हा! त्याच्या त्या समजूतदारपणाचा मला आजही संताप येतो. दोन दिवसांचा आठवडा झाला, डोळ्यात पू झाला. नागपूरच्या डॉक्टरनं पट्टी सोडली आणि उशीर का केला, एवढंच विचारलं.

मुलाखतीला तो गेला नाही. मी हात जोडले, निदान पत्र टाकून विचार म्हटलं. "एका डोळ्याचा मानूस दुर्बिनीपाशी काय करन? काहून हसं करून घेऊ?" त्यावर तो अडून बसला. वर्गात कृष्णद्रव्य बंद झालं. चंद्रकलाबाई जेवायला वाढताना त्याच्या उजव्या बाजूला येईनाशा झाल्या.

अठ्ठ्याऐंशीत सौंसरला विज्ञान प्रदर्शन होतं. पोरांना घेऊन आम्ही दोघं गेलो. पाहुणे प्राध्यापक नागपूरचे. बोलता बोलता त्यांनी कृष्णद्रव्याचा विषय काढला आणि मुकुंद एकदम उभा राहिला.

"सर, ते कसं पाहून राहिले लोक आता?"

"पाहायचं काही नसतंच त्यात," प्राध्यापक हसले. "खोल खाणीत जर्मेनियमचा तुकडा ठेवतात. एखादा कण आदळला तर यंत्र नोंद करतं. आणि दुर्बिणीवरही आताशा डोळा लावून कोण बसतं? पूर्वी फोटोच्या काचा होत्या, आता यंत्रं."

"एका डोळ्याचा मानूस चालते तिथं?"

प्राध्यापकांनी तेव्हा कुठे त्याच्याकडे नीट पाहिलं. "चालेल की. का नाही चालणार?" ते गडबडून म्हणाले. "कुणी नाही म्हटलं का तुम्हाला?"

कुणीच नाही म्हटलं नव्हतं. कुणाला विचारलंच नव्हतं.

संध्याकाळच्या बसनं पांढुर्ण्याला परतलो. त्याला एकटं सोडायचा मला धीर होईना, म्हणून त्याच्या घरापर्यंत गेलो. चंद्रकलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"काय म्हने रे तो प्रोफेसर?" त्यांनी विचारलं. "सापडलं का ते तुझं?"

"नाही आई. अजून कोनालेच नाही सापडलं."

त्यांचा हात सुपातच थांबला. "मंग बरंच झालं बाप्पा, तू गेला नाही ते. उगाच जलम गेला असता तिकडे."

मुकुंद चपला काढता काढता म्हणाला, "हो न, आई."