डॉक्टरीणबायची फी

धाकटी पोर तापानं फणफणली, तवा मी तिला पनवेलच्या सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाय तरणी होती. तिनं सुई दिली, तशी मी वालाची पुरचुंडी पुढं केली.

"मावशी, मला सरकार पगार देतं. हे घेतलं तर नोकरी जाईल."

"औषध देणाऱ्याचा हात रिकामा ठेवला तर गुण येत नाय, बाय. माजी थोरली अशीच गेली."

तिनं पुरचुंडी सोडली. मग एकच दाणा उचलून खिशात टाकला. "झाली फी. उद्या परत यायचं."

पाच दिस सुया, पाच दाणे. पोर उठून भाकर मागाय लागली. बायनं पाची दाणे माज्या हातावर ठेवले. "आता पेरा."

पेरले. शेंगा आल्यावर उसळ नेली. ती मात्र तिनं डबा पुसून खाल्ली.