राख खाली बसली की

माणूस गेला म्हणून दूध उतू जायचं थांबत नाही. दुरुस्तीवहिनींनी ऐन वेळी पातेलं उतरवलं, फडक्यानं ओटा पुसला आणि सासूबाईंच्या कपात चहा गाळला.

"साखर घातलीस?"

"घातली."

"मग गोड का लागत नाही?"

"तोंडाला चव नाही तुमच्या."

"तुझ्या आहे?"

वहिनींनी कपात आणखी अर्धा चमचा साखर ढवळली. चव त्यांच्याही तोंडाला नव्हती.

नवीन काही त्या शिवत नसत, म्हणून गल्लीनं त्यांचं नाव दुरुस्तीवहिनी पाडलं होतं. लांब ते आखूड करायचं, ढगळ ते बेताचं, उसवलेलं ते पूर्वीसारखं. "नवं शिवणारे पैशाला पासरी. बिघडलेलं निस्तरायला कुणीतरी हवं ना?" असं म्हणत आणि हसत. नवरा रंगारी. समुद्रापलीकडच्या एका गोदीत जहाजं रंगवायचा. वर्षाआड एकदा घरी यायचा, आणि आला की वहिनी आधी त्याच्या शर्टाची कॉलर बघायच्या, मग तोंड. कॉलर सैल झाली असली की समजायचं, साहेब तिकडे नुसत्या पावावर दिवस काढताहेत.

गेल्या आठवड्यात तो कामावरून खोलीवर आला, बूट सोडायला खाली वाकला आणि पुन्हा उठलाच नाही. कंपनीनं विमानानं पेटी पाठवायचं कबूल केलं होतं. ती आज दुपारी यायची. म्हणून शिलाईचं मशीन भिंतीशी सरकवून वहिनींनी खोलीच्या मधोमध जागा मोकळी करून ठेवली होती. ती मोकळी जागा ओलांडायची सोडून दोघी कडेकडेनं वावरत होत्या.

दार वाजलं.

वरच्या मजल्यावरचे भाऊजी उभे होते. कचेरीत कारकून, स्वभावानं देवमाणूस; पण बोलणं सगळं हप्त्याहप्त्यानं. एक वाक्य पुरं व्हायला समोरच्याचा जीव टांगणीला लागायचा. वहिनींचा फोन साधा, लिहिलेले निरोप त्यावर धड उमटत नसत, म्हणून रंगाऱ्याच्या खोलीतला सोबती, तिकडचा वेल्डर, भाऊजींच्या फोनवर निरोप धाडायचा.

"वहिनी, निरोप आहे."

"सांगा ना."

"वेल्डरचा." भाऊजींनी चष्मा पुसला. "आज येत नाहीये."

"काय येत नाहीये?"

"म्हणजे... पेटी." त्यांनी फोन डोळ्यांपाशी धरून वाचलं, "राखेमुळे आज जमत नाही. राख खाली बसली की लगेच पाठवतो."

वहिनींच्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहाच्या चोथ्याचं पाणी जमिनीवर ठिबकू लागलं.

"राख?"

"हो."

"झाली राख?"

"हो ना. पहाटेपासून. सगळीकडे पसरलीय म्हणे."

"पसरली?" आतून सासूबाई किंचाळल्या. "अरे, माझ्या पोराची..."

"मला न विचारता?" वहिनींचा आवाज चढला. "मी बायको आहे त्यांची. कुणी सांगितलं होतं त्यांना?"

भाऊजी गोंधळले. समजूत घालावी म्हणून म्हणाले, "वहिनी, यात कुणी कुणाला विचारत नसतं. निसर्गाचं काम आहे."

"चुलीत गेलं तुमचं निसर्गाचं काम! जाळायच्या आधी एक फोन करता येत नव्हता?"

आता भाऊजींच्या डोक्यात प्रकाश पडला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ते एका दमात बोलले. "अहो नाही, नाही! डोंगराची राख! तिकडे ज्वालामुखी फुटलाय, आभाळभर राख उडालीय. इंजिनात गेली तर विमान पडेल, म्हणून सगळी विमानं जमिनीवर उभी केलीत!"

सासूबाई भिंत धरत बाहेर आल्या. "म्हणजे माझा पोरगा आहे अजून?"

"आहे की! आहे, आहे," भाऊजी उत्साहानं म्हणाले आणि मग जीभ चावली.

पण बाण सुटला होता. सासूबाईंनी हसून डोळे पुसले. वहिनीही हसल्या. मेलेल्या माणसाची खुशाली कळावी तशा त्या दोघी मोकळ्या झाल्या. तो चेहऱ्यामोहऱ्यासकट शाबूत होता. एकदा बघायला मिळणार होता. त्यांना दुसरं काही नकोच होतं.

मग सुरू झालं वाऱ्याकडे डोळे लावून बसणं. ज्या बाईनं जन्मात कधी बातम्या लावल्या नव्हत्या, ती आता स्वयंपाक अर्धा टाकून हवामान ऐकू लागली. वारा फिरला की आशा, पुन्हा उलटला की डाळ करपलेली. सासूबाई त्या डोंगराशी शेजारणीशी भांडावं तशा भांडत. "एवढी वर्षं गप्प होता मेला. आणखी आठ दिवस कळ काढली असती तर काय बिघडलं असतं त्याचं?"

वेल्डरशी रोज संध्याकाळी फोनवर बोलणं व्हायचं.

"कसे आहेत?"

"बरे आहेत वहिनी."

"गारठ्यात ठेवलंय ना?"

"हो, व्यवस्थित."

आपण काय विचारतोय हे वहिनींना कळत होतं, काय उत्तर देतोय हे वेल्डरला. पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत बोलायचं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

काम तर बंद ठेवून चालणार नव्हतं. एक तरुण गिऱ्हाईक कोट घेऊन आलं. बाह्या आखूड करायच्या होत्या. "सावकाश करा वहिनी, आता कसली घाई! विमानंच बंद. आमची सहल बुडाली, हॉटेलवाला दाद देत नाही. तुमचं बरंय, घरबसल्या काम. तुम्हाला काय फरक पडतो म्हणा राखेनं!" वहिनी त्याच्या मनगटाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. टाचण्या नेहमीसारख्या ओठांत धरलेल्या. टाचण्या तोंडात असताना बोलता येत नाही, त्या दिवशी ही मोठीच सोय झाली. त्यांनी एकेक टाचणी काढून बाहीला लावली, आणि शेवटची लावून झाल्यावर बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शेवटी एका सकाळी भाऊजी जिना धडधडत उतरले. "सुरू झाली! विमानं सुरू झाली!" सासूबाईंनी पलंगावरची चादर बदलायला काढली. वहिनींनी पुन्हा मशीन सरकवलं.

दुपारी वेल्डरचा फोन आला. आवाजावरूनच वहिनी खाली बसल्या.

"वहिनी, विमानं सुटताहेत. पण अडकलेली माणसं फार आहेत. आधी ती जाणार. पेट्यांचा नंबर त्यांच्यानंतर."

"लागेल ना नंबर?"

"लागला असता. पण शवागारात जागा नाही उरली. उद्या सकाळी हलवा म्हणतात, नाहीतर इथंच दहन. तुमचा होकार मागताहेत."

"दोन दिवस थांबत नाहीत?"

"साहेबांचे पाय धरले मी." वेल्डर घुटमळला. "आणि वहिनी, खरं सांगू? आता पाठवलं तरी पेटी उघडू देणार नाहीत. मधे वीज गेली होती. मी तुम्हाला सांगितलं नाही."

रोज "बरे आहेत" म्हणायचा तो. वहिनींना त्याचा रागसुद्धा आला नाही. त्यांनी फोन कानापासून दूर केला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं, काही न गाळता. सासूबाई हातातल्या चादरीची घडी घालत होत्या. घडी नीट जमेना. मोडून पुन्हा घातली.

"तूच सांग काय ते," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून नाही निघायचं."

वहिनींनी फोन पुन्हा कानाला लावला. "हो म्हणा त्यांना."

"बरं. कपड्यांची काळजी करू नका वहिनी. कंपनीनं नवा सूट दिलाय, चांगल्यातला."

"नवा नको."

"अहो, भारी कापड आहे."

"असू दे. त्यांचा डावा पाय तोकडा आहे. लहानपणी पडले होते. विकतची पँट घातली की डावीकडे पायाखाली लोळते, त्याची त्यांना फार लाज वाटायची. त्यांच्या बॅगेत एक तपकिरी पँट असेल. तिची डावी दुमड मी वर घेतलेली आहे, आतून हातशिलाईनं. बाहेरून कळत नाही. भाऊ, तेवढी ती तपकिरी पँट घाला त्यांना."