फणसाचं गाऱ्हाणं

आमच्या लालबागच्या चाळीचा पुनर्विकास ठरला आणि मी सेक्रेटरी असल्यामुळे आवारातलं काय काय हटवायचं याची यादी माझ्या गळ्यात पडली. इंजिनिअरबरोबर टेप धरून फिरलो. पत्र्याच्या दोन शेड, फुटकी टाकी, मालक गायब असलेल्या तीन स्कूटर आणि मागचा फणस, असं लिहून घेतलं.

फणस बाबांचा. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी गावाहून आठळी आणून लावलेला. आजवर त्याला एकदाच फळ धरलं, तेही कावळ्यांनी खाल्लं. तरी बाबा रोज सकाळी त्याला बादलीभर पाणी घालणार आणि नवं पान फुटलं की घरभर सांगत सुटणार.

"पार्किंग चार फूट सरकवलास तर फणस रवात," ते म्हणाले.

"बाबा, नकाशा पास व्हायचाय. असं भावनेने चालत नाही," मी ऑफिसातल्या आवाजात म्हटलं. ते गप्प बसले. बाबा गप्प बसले की आपण सावध व्हावं, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.

कामाला हात लावण्याआधी जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं आणि दर मागण्याला सगळ्यांनी होकार भरायचा, ही आम्हा कोकणातल्या माणसांची रीत. चाळीत तो मान बाबांचा. रविवारी सकाळी सगळे जमले. बाबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांनी नव्या इमारतीचो घाट घातल्यानी हा, तो तडीस ने."

"व्हय म्हाराजा."

"कामगारांक सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

"आणि मागच्या फणसाक कोणी हात लावूचो नाय."

"व्हय म्हाराजा." त्यात अख्खी कमिटी होती आणि सवयीने सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता. इंजिनिअर माझ्याकडे बघत राहिला. देवासमोर दिलेला शब्द फिरवायची चाळीत कोणाची छाती नव्हती. मी मुकाट्याने यादी काढून फणस खोडला. म्हाताऱ्याने बरोबर पकडलं म्हणून मला हसू येत होतं.

बाबांचं मात्र संपलं नव्हतं.

"इमारत उभी रवापर्यंत मी रवलंय नाय, तर फणसाक पाणी घालूची बुद्धी माझ्या झिलाक दी."

झील म्हणजे मुलगा, आणि बाबांना तो एकच, मी. चाळ नेहमीसारखी 'व्हय म्हाराजा' म्हणाली. माझ्या तोंडून ते काही केल्या निघेना.