मी विधानसभेत न विचारलेला प्रश्न

हे मी बायकोलाबी सांगितलेलं नाही. अन् बायकोला मी बठ्ठं सांगतो — मंत्रालयात चुकून बायकांच्या मुतारीत शिरलो होतो ते सुद्धा.

मी आमदार. शाळा चौथीपर्यंत, तीबी मास्तरांच्या दयेवर. धरणगाव-एरंडोलकडच्या पारावर मला माईक द्या, म्हातारे पोट धरून लोळतील. लोकांनी मला हसून हसून निवडून दिलं. पण त्या सभागृहात — काय सांगू तुम्हाला — माझी जीभ टाळूला चिकटायची.

आमच्याकडे एक वाडी आहे. वाडीला रस्ता एकच, अन् त्याच्यात नाला. पुलाचा प्रश्न माझ्या पीएनी लिहून टाकला, तो यादीत लागला. माझं नाव पुकारलं की उभं राहायचं, मंत्री उत्तर देतील, मग आपण दोन उलट प्रश्न विचारायचे. पीएनी पाठ करून घेतले, पोराकडून पाढे घेतात तसे. आपला नंबर जवळ आला अन् मी उठलो — उभं राहायला नाही, बाहेर जायला. कँटीनमध्ये बसून वडा खाल्ला. आत नाव पुकारलं, माणूस नाही, पुढचा प्रश्न घेतला. झालं.

कोणी मारणार होतं का मला? नाही. हसले असते फक्त. जन्मभर मी लोकांना हसवलं, अन् मलाच कोणी हसलेलं सोसत नव्हतं.

पण खरी गोष्ट ही नाही. वडा खाणारा मी काही पहिला आमदार नसेन.

अधिवेशन संपल्यावर मी गावोगाव कामाचा हिशोब द्यायचो. फोटोवालं पत्रक, सतरंजी, माईक. वाडीत गेलो अन् सुटलो. “असा उभा राहिलो, असा बाक ठोकला, मंत्र्याच्या हातातून कागदं खाली! म्हणे, बसा हो भाऊ, देतो तुमचा पूल!” मंत्र्याची नक्कल केली. लोक लोळले.

तेव्हा वेणूअक्का उठली. वाडीत दरवर्षी पावसाआधी माणसं नाल्यात सिमेंटचे नळे मांडतात, वरती मुरूम टाकतात, आठ दिवस घरटी एक माणूस राबतो. ते काम अक्का जमवायची.

“भाऊ, मंग यंदा आमी नळा टाकूत का नही?”

एवढंच विचारलं तिनी. मला तिथेच म्हणता आलं असतं — टाका अक्का, दरवर्षीसारखे टाका. खोटं खोट्याच्या जागी राहिलं असतं, नळे नाल्यात पडले असते. पण मी काय म्हटलं?

“अक्का, पक्का पूल येऊ राहिला! नळे काय आता लेकीला आंदण देशी?”

हसली बिचारी. सगळ्यांत जास्त तीच हसली. अन् त्या वर्षी वाडीनी नळे टाकले नाहीत.

श्रावणात, दुपारी, अक्काच्या सुनेला कळा लागल्या. ती खाटेवर अलीकडच्या काठाला, दवाखान्याची गाडी पलीकडे दिवा फिरवत उभी. मध्ये छातीभर पाणी. त्याच वेळी मी पिंप्राळ्यात एका दुकानाची फीत कापत होतो. सून गेली. पोटातलं पोरबी गेलं.

नळे असते तरी वाहून गेले असते — असं मी मनाला लई समजावलं. पण आधीच्या पावसात त्यांच्यावरून माणसं जात होती ना? जात होती. मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी अक्काकडे दुखवट्याला, दारावर बसायला गेलो. म्हटलं, आज अक्का चप्पल काढणार. मनातून वाटत होतं, काढू दे. अक्कानी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. ओट्यावर माझ्या शेजारी बसली.

“तू ते तठे मंत्र्यापुढे मांडं व्हतं ना, भाऊ. त्यासनीच आयकं नही. तुना काय दोष शे?”

तेव्हा तरी सांगायचं ना? ओट्यावर आम्ही दोघंच होतो. ना माईक, ना हसणारं कोणी.

मी म्हटलं, “हां अक्का. लई मांडलं.”

तिनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.