प्रवचनासाठी राखीव

निपाणीत कुणाचंही इंटरनेट अडकलं की शिव्या वृषभला बसायच्या. जिनाप्पाअण्णांच्या केबल ऑफिसातला सर्व्हर तो सांभाळायचा, आणि गावाच्या लेखी सर्व्हर म्हणजेच वृषभ. लग्नाच्या पंगतीतही वाढपी विचारायचा, "मठ्ठा वाढू, का आधी आमच्या गल्लीचं नेट सोडतोस?"

या महिन्यात मात्र थट्टा आंबली. संध्याकाळ झाली की नेट तुटायचं, व्हिडिओ कॉलवरची माणसं आ वासून गोठायची. गल्लीतल्या प्रेमलाआक्कांच्या बेळगावच्या सुनेचं तोंड पडद्यावर वाकडं अडकलं, ते तिनं मुद्दाम केलं म्हणून आक्कांनी तिच्याशी अबोला धरला. शेवटी अण्णांनी ऑफिसात चारचौघांसमोर सुनावलं, "रविवारपर्यंत नीट झालं न्हाय तर कोल्हापूरचा माणूस आणतो. तू बस घरी!"

नोकरीचं एक असो. पण 'ह्याला काय येत न्हाय' असं गावभर झालं, तर तोंड कुठं दाखवायचं?

वृषभनं तारा बदलल्या, नेटवर्क कार्ड बदललं, बाहेरून येणारी लाइन तपासली. सगळं ठणठणीत. मग त्यानं सर्व्हरमधल्या वाटण्या उघडल्या. लाइन एकच, त्यातलं कुणाला किती सोडायचं ते हा सर्व्हर ठरवतो. गर्दी झाली की वाट्याबाहेरची डेटाची पॅकेटं खुशाल टाकून देतो. गावाच्या वाट्यातली पॅकेटं भसाभस गळत होती. शेजारचा प्रवचनाचा वाटा मात्र तुडुंब भरून निवांत वाहत होता.

हा वाटा जैनांच्या दशलक्षण पर्वातला. बस्तीतलं, म्हणजे जैन मंदिरातलं, महाराजांचं प्रवचन घरबसल्या म्हाताऱ्यांना दिसावं म्हणून निम्मी लाइन राखून ठेवलेली. पर्व संपलं तरी वृषभनं तो काढला नव्हता. महाराजांच्या नावचा वाटा पुसायला हात धजला नाही. शिवाय तो रिकामा असला की गावालाच मिळतो, मग बिघडतं कुठं?

आता प्रवचन नव्हतं, तरी वाहत काय होतं? हा वाटा कुणाला द्यायचा, तो नियम त्यानं उघडला. आत बस्तीच्या जोडीला शेजारच्या कोगनोळी गावातल्या कनेक्शनांचे पत्ते घातलेले. कोगनोळीत अण्णांच्या मेव्हण्यानं, सन्मतीनं, अण्णांकडूनच लाइन घेऊन नुकतंच नेटचं ऑफिस थाटलं होतं. 'निपाणीपेक्षा फास्ट' असा बोर्डही लावला होता. आणि पत्ते घातले होते अण्णांच्या लॉगिननं. "तू आजारी पडलास तर प्रवचन थांबाय नको," म्हणत अण्णांनी हे शिकून घेतलेलं. शेजारी खुर्ची ओढून शिकवलं होतं वृषभनंच.

"अण्णा, नेट कशानं तुटतंय ते तुम्हाला म्हाईत होतं?"

अण्णा सुपारी कातरत होते. "अरं, सन्मती नवा हाय. जरा बसू दे की त्याचा जम."

"आन् मी महिनाभर शिव्या खाल्ल्या त्या?"

"लोकांना कुणाचं तरी नाव सांगाय लागतंय रं. तू घरचाच. घरच्यानं एवढं मनावर घ्यायचं न्हाय."

वृषभ वळला. परत सर्व्हरसमोर बसला आणि कोगनोळीचे पत्ते एकेक करून काढले. गळती थांबली. गाव मोकळं वाहू लागलं.

थोड्या वेळात अण्णांचा मोबाइल वाजला. पलीकडं सन्मती होता. अण्णा वृषभकडं न बघताच म्हणाले, "व्हय, व्हय. अरं, आमच्या पोरानं कायतरी घोळ घातलाय बघ. लई येडं हाय. करतो नीट."

वृषभ उठला. ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली. अण्णांनी बोलता बोलताच ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली आणि सन्मतीला जेवलास का म्हणून विचारलं.